आखलेली पावलं

सुभाषनगरातला आमचा कारखाना, म्हणजे दहा बाय बाराची खोली.
भिंतीला एक खिळा.
खिळ्याला तार, तारेत ओवलेली चाळीस वर्षांची माणसं:
रद्दीच्या कागदावर पेन्सिलीनं आखलेले पाय.

आबा नाव लिहायचे नाहीत. नुसती खूण.
'गंगावेस, दूधवाले.' 'मास्तरीण, उजवा दाबतो.'
कुणी विचारलं, त्या अमक्याच्या पायाला झालंय काय ओ,
तर आबा वादी दातात धरायचे.
दातात वादी असली की माणसाला बोलता येत नाही.

मग मी दुकान मोबाइलवर आणलं.
आता पाय लांबून येतात,
फोटोत, शेजारी मापाला एक रुपयाचं नाणं.
सोबत पत्ता, खुणेची जागा, फोन,
आणि जन्मतारीख, वाढदिवसाला सूट द्यायची म्हणून.
आबा म्हणाले, चपलेला जन्मतारीख कशाला गं?
मी म्हणालो, सगळेच घेतात.
कोल्हापूरची पोरगी मी, 'म्हणालो'च म्हणणार.

खाली बारीक अक्षरात:
'तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे.'
ते वाक्य दुसऱ्या एका दुकानाचं उचललेलं.
खरं सांगतो, लावण्याआधी वाचलंही नव्हतं नीट.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात फोन आला.
आवाज काकवीसारखा.
बायकोला चप्पल भेट द्यायचीय,
माप तुमच्याकडं आहेच,
नवा पत्ता तेवढा हरवलाय माझ्याकडनं, जरा वाचून दाखवा की.
नाव बरोबर. जुना पत्ता बरोबर. जन्मतारीखसुद्धा बरोबर.
नवा पत्ता माझ्यापुढं उघडा.
'घ्या लिहून' म्हणायला तोंड उघडलं
आणि दिसलं, खुणेच्या जागेत तिनं लिहिलेलं:
बेल वाजवू नका. आधी फोन करा. कृपया.

कृपया.

मी म्हणालो, मिळणार नाही.
तो हसला. मग हसायचा थांबला.
मग जे बोलला ते बोलला.
आबांनी सगळं ऐकलं, वादी दातात तशीच.

तिला फोन लावला. ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, चप्पल छान बसली.
मग म्हणाली, माझं सगळं पुसाल?

तिचं नाव इथं लिहीत नाही.
गावही नाही. तिच्या डाव्या पायाची ती एक
नको, तेही नको.

रात्री पुसायला बसलो.
यादीतली ओळ पुसली. फोटो पुसला.
पुसलेलं जिथं साठतं तिथूनही पुसला.
मग कळलं, कुरिअरवाल्याकडं एक प्रत आहे,
पैसे ज्यांच्या हातून आले त्यांच्याकडं एक,
आणि ज्यांचं ॲप आम्ही भाड्यानं घेतलंय त्यांच्याकडं,
तीस दिवस, का नव्वद, का कायमची,
ते चौदा पानांत कुठंतरी लिहिलेलं.
चौदाही पानं वाचली, पहिल्यांदाच.
तिघांना लिहिलं. एकाचं उत्तर आलं:
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

आबांनी तारेतून तिचा कागद ओढला,
कातडं भिजतं त्या दगडी डोणीत सोडला.
सकाळी कोपरापर्यंत हात घालून लगदा काढला, पिळला,
मूठ उघडून दाखवली. करड्या रंगाचा गोळा.
'गेली बघ आपल्या घरी.'
आणि थोड्या वेळानं, आरीला धार लावता लावता,
'तुझी डोण कुठं असती गं?'

कुठं असते?
थंड खोल्या असतात म्हणे, रात्रंदिवस पंखे चालू.
माझा हात तिथवर पोचत नाही.

जन्मतारखेचा रकाना काढून टाकला.
वाक्य बदललं, या वेळी स्वतः लिहिलं:
'चपलेसाठी पाय लागतो, पोचवायला पत्ता.
चप्पल पोचली की आमच्याकडचं पुसतो.
बाकीच्यांकडचं आमच्या हातात नाही.'

असलं कुठं लिहितात का, भाऊ म्हणाला, गिऱ्हाईक बिचकंल.
बिचकलं. त्या आठवड्यात सहा ऑर्डरी कमी.
मी आकडा सांगितला तेव्हा आबा पायताणाला वेणी घालत होते.
वर न बघता म्हणाले,
वादी वाळली, जरा ओली कर.